संगणकाला थांबायला शिकवणारे डाइक्स्ट्रा

अंधेरी, विद्याविहार किंवा पवई, उपनगरातल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात जा. संगणकशास्त्राचा विद्यार्थी ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकू लागला की त्याच्या वहीत पाच वर्तुळांची एक आकृती येतेच. नवा, तयार, चालू, थांबलेला, संपलेला अशी नावे त्या वर्तुळांत लिहिलेली असतात आणि वर्तुळे बाणांनी जोडलेली असतात. थ्रेड नावाच्या वस्तूचा हा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास. परीक्षेत यावर प्रश्न हमखास येतो, मुले आकृती पाठ करून टाकतात आणि विसरतात. ज्या माणसामुळे या आकृतीला अर्थ आला, त्याचे नाव तोंडी परीक्षेत निम्मी मुले डिजिक्स्ट्रा असे उच्चारतात. खरा उच्चार डाइक्स्ट्रा. डच भाषेत आय आणि जे ही अक्षरे जोडून आली की त्यांचा मिळून एकच स्वर होतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

थ्रेड म्हणजे धागा. एका प्रोग्रामच्या आत चालणारे कामाचे एक सलग सूत्र. आपल्या फोनवर गाणे वाजत असते, त्याच वेळी नकाशा रस्ता दाखवत असतो आणि मागे कुठेतरी फोटो उतरवून घेतले जात असतात. ही सगळी कामे एकाच वेळी चाललेली वाटतात. प्रत्यक्षात प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकाच धाग्याचे काम करतो आणि ते अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळतो. सेकंदाच्या अगदी छोट्या भागात ही पाळी बदलते, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही.

मुलुंडमधल्या एखाद्या गर्दीच्या दवाखान्याचे चित्र डोळ्यांसमोर आणले तर ती पाच वर्तुळे लगेच कळतात. रुग्ण आला, कंपाउंडरने नाव लिहून घेतले, हा झाला नवा धागा. तो बाकावर बसला, म्हणजे तयार आहे, फक्त पाळी यायची आहे. आत डॉक्टरांसमोर गेला, म्हणजे चालू. डॉक्टरांनी रक्त तपासून आणायला सांगितले की तो थांबलेला. आता डॉक्टर मोकळे असले तरी त्याचा उपयोग नाही, कारण अहवाल आल्याशिवाय पुढचे काही होणार नाही. इथे एक बारकावा आहे. अहवाल हाती आला म्हणून रुग्ण थेट आत घुसत नाही. तो पुन्हा बाकावर येऊन बसतो. थ्रेडचेही तसेच. थांबलेला धागा थेट चालू होत नाही, आधी तयार होतो. मध्येच तातडीचा रुग्ण आला तर आतल्याला बाहेर बसावे लागते, म्हणजे चालू धागा परत तयार धाग्यांच्या रांगेत. औषध लिहून झाले, फाइल बंद झाली, धागा संपला.

दवाखाना एवढा सुरळीत चालतो, कारण कोणी कधी थांबायचे आणि थांबलेल्याला कोणी हाक मारायची हे सगळ्यांना ठाऊक असते. संगणकाला हे ठाऊक नव्हते. त्याला ते शिकवण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत एड्सखर डाइक्स्ट्रा यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते आणि डच केमिकल सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. आई गणितज्ञ होती, पण तिने कधी नोकरी केली नाही. डाइक्स्ट्रा यांच्या विचारांवर आईची छाप अधिक होती, असे त्यांच्या लेखनावरून दिसते. गणिताचे उत्तर लांबत चालले की आपली वाट चुकली असे समजावे, हा तिचा शिरस्ता मुलाने आयुष्यभर पाळला. ते दहा वर्षांचे झाले त्यानंतर तीनच दिवसांनी, १४ मे १९४० रोजी, जर्मन विमानांनी रॉटरडॅमच्या मध्यभागाची राखरांगोळी केली. त्यांचे शालेय वय हे बहुतांशी युद्धाचे आणि जर्मन ताब्याचे वय होते. कायदा शिकावा आणि संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे त्यांच्या मनात होते. पण शाळेत गणित आणि विज्ञानात इतके उत्तम गुण पडले की १९४८ मध्ये ते लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे वळले.

१९५१ साली केंब्रिजमध्ये प्रोग्रामिंगचा तीन आठवड्यांचा एक वर्ग भरला होता. डाइक्स्ट्रा तिथे गेले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये अॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये अर्धवेळ प्रोग्रामर म्हणून रुजू झाले आणि काही काळ दोन दगडांवर पाय ठेवून राहिले. भौतिकशास्त्राला प्रतिष्ठा होती. प्रोग्रामिंग हा धड विषय आहे की नाही याचीच शंका होती. शेवटी त्यांनी ही घालमेल आपले वरिष्ठ आद्रियान व्हान वाइनखार्डन यांच्यापुढे मांडली. संगणक आता कुठे जात नाहीत, आणि या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस कदाचित तूच असशील, असे वाइनखार्डन यांनी त्यांना समजावले. डाइक्स्ट्रा यांनी मग मागे वळून पाहिले नाही. १९५७ मध्ये मारिया डेबेट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रिया याही त्याच केंद्रात आकडेमोडीचे काम करत. विवाहनोंदणीच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात डाइक्स्ट्रा यांनी प्रोग्रामर असे लिहिले, तर अॅमस्टरडॅमच्या पालिकेने ते मान्य केले नाही. असा व्यवसायच नसतो, ही पालिकेची भूमिका. अर्जावर अखेर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली.

विवाहाच्या आधी, १९५६ मध्ये, दोघे अॅमस्टरडॅममध्ये खरेदीला निघाले होते. थकून एका कॅफेत कॉफी घ्यायला बसले असताना एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता कसा शोधायचा याची रीत डाइक्स्ट्रा यांना सुचली. वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय. ती १९५९ साली तीन पानांच्या लेखात छापून आली. बोरिवलीहून मुलुंडला जायचे तर सरळ रेषेत अंतर थोडे, पण मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मग घोडबंदर मार्गाने वळसा घालायचा की जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने, हा हिशोब नकाशाचे अॅप ज्या रीतींनी करते, त्यांच्या मुळाशी ही वीस मिनिटे आहेत. सर्वसामान्यांना डाइक्स्ट्रा माहीत असलेच तर एवढ्यामुळेच. पण खऱ्या अर्थाने ज्याने त्यांची झोप उडवली, तो प्रश्न दुसराच होता.

अॅमस्टरडॅममध्ये तेव्हा एक्स-वन नावाचा संगणक आकाराला येत होता. तोवरच्या यंत्रांना एखादी गोष्ट छापायला सांगितली की छपाई संपेपर्यंत सगळे यंत्र खोळंबून बसे. एक्स-वनची रचना करणाऱ्या ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टन यांनी सुचवले की यंत्राने आपले काम करत राहावे आणि छपाईयंत्र मोकळे झाले की त्याने संगणकाला मध्येच टोकावे. याला इंटरप्ट म्हणतात. कल्पना सोयीची होती, पण डाइक्स्ट्रा यांना तिची धास्ती वाटली. टोकणे कोणत्या क्षणी येईल हे आधी सांगता येत नाही. दोन वेळा तोच प्रोग्राम चालवला तरी टोकण्याचा क्षण वेगळा, म्हणून घटनांचा क्रम वेगळा. चूक झाली तर ती पुन्हा घडवून दाखवता येणार नाही. आणि जी चूक पुन्हा घडत नाही ती शोधायची कशी? काही महिने त्यांनी होकार लांबवला. नंतर तोच विषय घेऊन १९५९ मध्ये अॅमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. या धास्तीतून त्यांनी जे काही शिकून घेतले, त्यावर पुढचे सगळे उभे आहे.

ही चूक नेमकी कशी होते? समजा, मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहातल्या रविवारच्या प्रयोगाची एकच खुर्ची शिल्लक आहे. अंधेरीतला एक प्रेक्षक आणि घाटकोपरमधला दुसरा एकाच वेळी फोनवरून ती घेऊ पाहतात. पहिल्याचा धागा पाहतो की खुर्ची रिकामी आहे. तेवढ्यात प्रोसेसर त्याला बाजूला सारून दुसऱ्याचा धागा चालू करतो. तोही पाहतो, खुर्ची रिकामीच. तो पैसे घेतो, नाव लिहितो, संपतो. आता पहिला पुन्हा चालू होतो. त्याने तर आधीच पाहून ठेवले आहे की खुर्ची रिकामी आहे. तोही पैसे घेतो. एका खुर्चीची दोन तिकिटे विकली गेली. प्रत्येक धागा आपापल्या जागी अगदी बरोबर वागला होता. चूक दोघांपैकी कोणाचीच नाही, ती दोघांच्या मधल्या फटीत आहे. शंभर वेळा करून पाहा, शंभर वेळा सुरळीत होईल. एखाद्या वेळीच पाळी नेमक्या त्या क्षणी बदलेल.

उपाय सांगायला सोपा. पाहणे आणि लिहिणे या दोन्हींच्या दरम्यान दुसऱ्या कोणाला आत येऊ द्यायचे नाही. पण ही बंदी राखायची कोणी? दरवाज्यावर पाटी लावायची म्हटले तर पाटी पाहणे आणि पाटी फिरवणे यांच्यातही तीच फट आहे. डाइक्स्ट्रा यांनी हे कोडे सहकाऱ्यांपुढे ठेवले. दोन धाग्यांपुरते उत्तर थेओडोरस डेकर या डच गणितज्ञाने काढले. कितीही धागे असले तरी चालेल असे उत्तर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये छापले. तो लेख जेमतेम एका पानाचा आहे आणि समांतर प्रोग्रामिंग या शाखेचा आरंभ अनेक जण तिथूनच मानतात.

मात्र त्या उत्तरात एक त्रास होता. थांबलेला धागा खरा थांबत नव्हता. दवाखान्यातला एखादा उतावळा रुग्ण दर मिनिटाला उठून कंपाउंडरला विचारतो, माझा नंबर आला का? तसा तो धागा सतत चौकशी करत राही आणि त्या चौकशीतच प्रोसेसरचा वेळ खाई. थांबायचे तर नीट थांबावे, झोपून जावे, आणि वेळ झाली की दुसऱ्याने उठवावे. याची सोय डाइक्स्ट्रा यांनी केली ती रेल्वेकडून कल्पना उसनी घेऊन. तिचे नाव सेमाफोर.

हात वर-खाली होणारे सेमाफोर सिग्नल मुंबईच्या लोकल मार्गांवर आता दिसत नाहीत, दिव्यांचे सिग्नल आहेत. पण तत्त्व रोज अंगवळणी पडलेले आहे. बोरिवलीचा फलाट रिकामा नसला की मागची गाडी स्टेशनाबाहेर उभी राहते. मोटरमन फलाट मोकळा झाला का हे पाहायला खाली उतरून जात नाही. सिग्नल लाल आहे, म्हणून थांबायचे. पुढची गाडी निघाली की सिग्नल बदलतो. डाइक्स्ट्रा यांचा सेमाफोर म्हणजे फक्त एक आकडा आणि त्यावर करता येणाऱ्या दोन क्रिया. मोकळे फलाट किती, तो हा आकडा. आत जाण्याआधी धाग्याने पहिली क्रिया करायची. आकडा शून्याहून मोठा असेल तर तो एकने कमी होतो आणि धागा आत जातो. शून्य असेल तर धागा झोपतो. बाहेर पडताना दुसरी क्रिया, त्यात कोणी झोपलेला असेल तर एकाला जाग येते, नाहीतर आकडा एकने वाढतो. या क्रिया अखंड असतात, मध्ये कोणाला पाळी मिळत नाही. क्रियांना त्यांनी पी आणि व्ही ही अक्षरे दिली. ओलांडणे आणि मोकळे करणे अशा अर्थाच्या डच शब्दांची ही आद्याक्षरे, तीही रेल्वेच्याच बोलीतली. पाच वर्तुळांतला चालूकडून थांबलेलाकडे जाणारा बाण म्हणजे पी, आणि थांबलेलाकडून तयारकडे येणारा बाण म्हणजे व्ही. ती आकृती पाठ करणाऱ्या मुलांना एवढे एक वाक्य सांगितले तरी पुरे. थ्रेड हा शब्द रूढ झाला तो बऱ्याच नंतर. डाइक्स्ट्रा यांच्या लेखनात शब्द आहे प्रक्रिया.

थांबण्याचीही एक विकृती असते. पॅथॉलॉजीवाला म्हणतो, आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टर म्हणतात, आधी अहवाल आणा. दोघेही नियमाने वागत आहेत आणि रुग्ण जन्मभर बाकावर. याला डेडलॉक म्हणतात. १९६५ च्या सुमारास डाइक्स्ट्रा यांनी परीक्षेसाठी यावर एक प्रश्न काढला. तो आज गोल टेबलावर जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांची गोष्ट म्हणून जगभर शिकवला जातो. पाच जण, पाच काटे, प्रत्येकी दोन काट्यांशिवाय जेवता येत नाही. सगळ्यांनी एकदम आपापल्या डावीकडचा काटा उचलला तर सगळेच उपाशी. एक उत्तर असे, की काट्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाने आधी लहान क्रमांकाचा काटा उचलावा. मग पाचातला एक जण तरी रिकाम्या हाताने थांबतो आणि बाकीच्यांचे अडत नाही.

हे सगळे कागदावर राहिले नाही. १९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनच्या तंत्र विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि मूठभर सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी एक्स-एट या संगणकासाठी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. संगणक ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क संगणक आला तोही त्याच दशकात. आइंडहोव्हनच्या सिस्टिमचे नाव विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून टीएचई असे पडले. तिची रचना थरांची होती. सर्वांत खालच्या थरात प्रोसेसरची पाळी वाटणारा भाग, त्यावर स्मृती सांभाळणारा, त्यावर संगणकचालकाशी संवाद साधणारा, असे एकावर एक. खालचा थर पक्का सिद्ध झाला की त्याच्या आत पुन्हा डोकवायचे नाही. तपासणीत जे दोष सापडले ते लिहिण्यातल्या किरकोळ चुकांचे होते, मांडणीत चूक निघाली नाही, अशी नोंद त्यांनी १९६८ मध्ये छापलेल्या लेखात केली. आजच्या फोनमधल्या यंत्रणेच्या तुलनेत टीएचई अगदीच लहान. पण ज्या संकटाची त्यांना दहा वर्षांपूर्वी धास्ती वाटली होती, ते विचाराने काबूत आणता येते हे तिने दाखवले.

त्यानंतर ते कोसळले. विभागाला संगणकाच्या कामात रस नव्हता, जमलेला गट विखुरला आणि डाइक्स्ट्रा यांना गंभीर नैराश्याने घेरले. पुढे त्यांनी हे स्वतःच उघडपणे लिहून ठेवले आहे. त्या काळातल्या प्राध्यापकाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. सावरण्यासाठी त्यांनी लिहायला घेतले, आणि जे लिहून झाले ते म्हणजे रचनाबद्ध प्रोग्रामिंगवरील टिपणे. ते काम त्यांनी प्रकाशनासाठी म्हणून सुरू केले नव्हते. काही ओळखीच्या लोकांना प्रती पाठवल्या, त्यांनी त्यांच्या प्रती काढल्या, आणि टिपणे सगळीकडे पोहोचली. १९६८ मध्ये गो टू या आज्ञेविरुद्ध त्यांनी लिहिलेले छोटे पत्र फार गाजले, पण त्याचे भडक शीर्षक संपादक निक्लाउस विर्ट यांचे होते. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१९७३ मध्ये बरोज या अमेरिकी संगणक कंपनीने त्यांना संशोधक म्हणून घेतले. कार्यालय कुठे, तर न्यूनेन या गावातल्या त्यांच्या घरातली अभ्यासिका. विद्यापीठात जाणे आठवड्यातून एक दिवस, मंगळवारी. घरून काम करणे ही अलीकडची टूम नाही, हे यावरून लक्षात यावे. योगायोग असा की त्याच वर्षी अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले, आणि टाटांची बरोजशी भागीदारी जमून मुंबईतून सॉफ्टवेअरची निर्यात सुरू झाली तीही याच दशकात. डाइक्स्ट्रा यांचा या व्यवसायाशी थेट संबंध नव्हता. पण ज्या कंपनीच्या यंत्रांवर मुंबईतल्या अनेक प्रोग्रामरांनी हात बसवला, तिच्याच पगारावर एक माणूस हॉलंडमधल्या खेड्यात बसून प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध कसे करावे याचा विचार करत होता.

लिहिण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. फाउंटन पेनने सुबक अक्षरात टिपण लिहायचे, त्याला स्वतःच्या आद्याक्षरांसह क्रमांक द्यायचा आणि छायाप्रती काढून मित्रांना पाठवायच्या. अशी तेराशेवर टिपणे त्यांनी लिहिली. संगणकशास्त्राचा हा अध्वर्यू वर्षानुवर्षे स्वतःजवळ संगणक न ठेवता राहिला. बोलणे तिखट होते. न पटलेल्या भाषेबद्दल, कंपनीबद्दल, सहकाऱ्याबद्दलही ते सौम्य शब्द वापरत नसत आणि त्यामुळे दुखावलेले लोक बरेच होते. प्रोग्राम चालवून पाहणे पुरेसे नाही, तो लिहितानाच त्याची सिद्धता हवी, हा त्यांचा आग्रह उद्योगाने मानला नाही. तो सगळाच्या सगळा मानणे व्यवहारात शक्यही नव्हते. लाखो ओळींचा प्रोग्राम वहीत सिद्ध करता येत नाही. तरी धाग्यांच्या बाबतीत त्यांचा आग्रह किती योग्य होता, हे दाखवणारी घटना त्यांच्या हयातीतच घडली, आणि ती रुग्णांच्या जिवावर बेतली.

१९८४ मध्ये डाइक्स्ट्रा टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला गेले. त्याच राज्यात टायलर या गावी कर्करोग रुग्णालयात थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेले किरणोपचाराचे यंत्र होते. ते दोन प्रकारे चाले. एकात सौम्य इलेक्ट्रॉन झोत थेट रुग्णावर, दुसऱ्यात प्रचंड ताकदीचा झोत मध्ये धातूचा पडदा ठेवून, म्हणजे क्ष-किरण. मार्च १९८६ मध्ये ऑपरेटरकडून चुकून क्ष-किरणांचे अक्षर टाइप झाले. तिने ते लगेच दुरुस्त केले. यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. दुरुस्ती त्या आठ सेकंदांत झाली. पडद्यावरचे अक्षर वाचणारे काम आणि यंत्र जुळवणारे काम ही दोन वेगळी सूत्रे होती, त्यांच्यात सामायिक माहिती होती आणि तिच्यावर पहारा नव्हता. एका सूत्राला दुरुस्ती कळली, दुसऱ्याला नाही. झोत प्रचंड ताकदीचा निघाला आणि धातूचा पडदा मध्ये नव्हता. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या शंभरपटीच्या आसपास किरणोत्सर्ग मिळाला. पुढच्या महिन्यात तिथेच दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत हेच घडले. दोघेही दगावले. १९८५ ते १९८७ दरम्यान अशा प्रकारचे सहा अपघात अमेरिका आणि कॅनडात नोंदले गेले, सगळ्यांचे कारण मात्र हेच एक नव्हते.

यंत्राची तपासणी झाली नव्हती असे नाही. पण तपासणाऱ्याची बोटे सरावलेल्या ऑपरेटरइतकी वेगाने चालत नव्हती, म्हणून दुरुस्ती त्या आठ सेकंदांत कधी बसलीच नाही. टायलरच्या रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने त्या ऑपरेटरला घेऊन पुन्हापुन्हा टाइप करून पाहिले, वेग वाढवत नेला, तेव्हा कुठे चूक पकडली गेली. आधीच्या थेरॅक-२० यंत्रात हाच दोष होता, पण त्यात प्रत्यक्ष कळीचे कुलूप असल्याने झोत सुटण्याआधीच यंत्र बंद पडे. नव्या यंत्रात कुलूप काढून टाकले आणि सगळा भार सॉफ्टवेअरवर दिला. कधी टोकले जाईल हे ठाऊक नाही, चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ही एक्स-वनच्या वेळची धास्ती तीस वर्षांनी इथे खरी ठरली होती.

१९९५ पासून थ्रेड सर्वांच्या हाती आले. युनिक्स घराण्यातल्या यंत्रणांसाठी त्यांचे प्रमाणित नियम त्या वर्षी ठरले आणि त्याच सुमारास आलेल्या जावा भाषेत थ्रेड भाषेचाच भाग होता. जावाच्या सुरुवातीच्या रूपात चालू धाग्याला बाहेरून मारून टाकण्याची आज्ञाही होती. ती वापरू नका असे लवकरच सांगावे लागले. मध्येच मारलेला धागा आपल्या हातची कुलपे सोडून जातो आणि आतला पसारा अर्धवट राहतो, खुर्चीचे पैसे घेतलेले पण नाव लिहिलेले नाही, असा. म्हणून धाग्याला थांबण्याची विनंती करायची आणि त्याने आवराआवर करून स्वतः संपायचे, ही रीत आहे. पाचव्या वर्तुळाकडे जाणारा बाण सर्वांत साधा दिसतो, पण तसा तो नाही.

ऑस्टिनमध्ये डाइक्स्ट्रा १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. वर्गात फळा आणि खडू, परीक्षा बरेचदा समोरासमोर बसून. सुट्टीत रिया आणि ते फिरत्या घराच्या गाडीतून अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने पालथी घालत. ट्युरिंग मशीनवर कोटी करून त्यांनी त्या गाडीला टूरिंग मशीन असे नाव दिले होते.

१९७४ मध्ये त्यांनी दोन पानांचा आणखी एक लेख लिहिला होता. अनेक यंत्रे एकमेकांशी जोडलेली आहेत, कोणी एक मुख्य नाही, आणि काहीतरी बिघडून सगळ्यांची स्थिती विस्कटली आहे. अशा वेळी बाहेरून कोणी हात न लावता ती आपोआप पुन्हा शिस्तीत येतील असे नियम करता येतात, हे त्यात दाखवले होते. पावसात कोलमडलेले लोकलचे वेळापत्रक कोणी आज्ञा न देता रात्रीपर्यंत स्वतःच जागेवर यावे, तसे. जवळजवळ दहा वर्षे या लेखाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. नंतर त्यावर एक अख्खी उपशाखा उभी राहिली, आणि २००२ मध्ये या लेखाला वितरित संगणनातला प्रभावशाली लेखाचा पुरस्कार मिळाला.

तोवर डाइक्स्ट्रा यांना कर्करोगाने गाठले होते. २००२ च्या सुरुवातीला ते ऑस्टिन सोडून न्यूनेनच्या जुन्या घरी परतले. लिहिणे तिथेही चालू होते. १३१८ क्रमांकाच्या शेवटच्या टिपणावर १४ एप्रिल २००२ अशी तारीख आहे. ६ ऑगस्ट रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षापासून तो पुरस्कार डाइक्स्ट्रा यांच्या नावाने दिला जातो.